कानाडोळा

फ्रेस्नोच्या दक्षिणेला, मनुकांच्या गोदामामागे माझं दुकान.
एक रोलर, एक नळी, एक पडदा.
भिंतीवर राज्याचा परवाना, त्यावर माझं नाव: हागोप,
आणि खाली बारीक अक्षरांत
मी काय काय केलं तर तो काढून घेतला जाईल.

दर दोन वर्षांनी गाड्या येतात
रक्त तपासायला माणसं येतात तशा,
दोन दिवस गोड न खाता.
कुणी नवं तेल घालून, कुणी टाकीत औषध ओतून,
कुणी हमरस्त्यावर तासभर पळवून.
मी काही बोलत नाही. नळी लावतो.
गाडी रोलरवर जागच्या जागी धावते,
आणि कुठेही न जाता आपण किती घाण करतो
ते मोजलं जातं.

देओलिंदा आली मंगळवारी, बंद करायच्या वेळेला.
गाडी अठ्ठ्याण्णव सालची, छताच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले.
तुलेअरीजवळच्या गोठ्यात रात्रपाळी करते ती,
हजारभर गायी, पहाटे तीनची धार.
तिथे बस जात नाही.
इथून बस कुठेच जात नाही.

नायट्रिक ऑक्साइड: मर्यादेच्या दुप्पट.
कागद बाहेर आला, अजून कोमट.
तिनं वाचला, घडी घातली, परत उलगडला,
जणू घडीत काही बदललं असेल.
मग हळूच म्हणाली,
"मागच्या खेपेला त्या दुसऱ्या दुकानात जमलं होतं."

कसं जमतं ते मला ठाऊक आहे.
शेजारी एक धडधाकट गाडी उभी करायची,
नळी तिला, नाव हिचं.
एकीचा श्वास दुसरीच्या खात्यावर.
काकाच्या हाताखाली होतो तेव्हा
मीही धरली होती ती नळी.
काका म्हणायचा, कानाडोळा करायला शीक, पोट भरेल.
कान झाले, डोळे झाले.
नाकाचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही.

मागच्या सीटवर मुलगा होता, एलिसेउ.
खिशात निळा पंप, पेनासारखा अडकवलेला.
मी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागला:
"आज मी लाल लावला."
शाळेच्या खांबावर रोज हवेचा झेंडा चढतो,
हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल,
आणि तो चढवायचं काम याचं.
मधल्या सुट्टीत ज्याला धावता येत नाही
त्याला झेंडा देतात.

तिकडे सॅक्रमेंटोत कायदा करणाऱ्यांनी
फुप्फुसं मोजली, बरोबर मोजली, मी नाही म्हणत नाही.
पण नव्याण्णव नंबरच्या रस्त्यावर रात्रभर वाहणाऱ्या ट्रकांना
मुदत मिळते, मग मुदतवाढ,
मग वाढीव मुदतीवर चर्चा.
हिला मिळतो कागद.
आणि तरी हा कागद खोटा नाही.
हेच तर अवघड आहे.

मी ड्रॉवरमधून अर्ज काढला.
गाडी भंगारात दिली तर राज्य पैसे देतं.
"तेवढ्यात दुसरी येते?"
येत नाही. अर्धी येते.
"कुठली अर्धी?" मुलानं विचारलं,
आणि ती हसली, त्या संध्याकाळी एकदाच.
उभ्या उभ्या अर्ज भरला, माझ्या पाठीवर कागद ठेवून,
कारण टेबलावर सगळीकडे ग्रीस.
तिच्या पेनाचं टोक मला शर्टातून कळत होतं.
सही करताना ते थांबलं.
बराच वेळ थांबलं.
मग तिनं अर्ज पर्समध्ये ठेवला, तसाच.

त्याच गाडीतून गेली. पाळी चुकवून चालणार नव्हतं.
वळणावर दिवा लागला, विझला, परत लागला.
दुकानात तिचा धूर मागे राहिला होता.
मी पंखा लावला, मोठा, भिंतीतला.
तो धूर बाहेर ढकलतो.
बाहेर म्हणजे कुठे,
तीन बाजूंना डोंगर असलेल्या या खोऱ्यात
ते पंख्याला विचारू नये.