प्र्यानिक

उदगीरच्या वाचनालयात, सदतिसाव्या पानावर
बर्फातली म्हातारी नातवाला प्र्यानिक द्यायची.
म्हणजे काय, ते पुस्तकात नव्हतं.
गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.
मग आम्हीच ठरवलं:
आत खवा, वर बत्तासा,
चावताना रेवडीसारखा कट्ट आवाज.
मन्मथनं तर एकदा चित्रच चाटलं.
डिंक लागतोय, म्हणाला.
दंड आठ आणे.

काल त्याची लेक आली कझानहून,
डॉक्टरकीचं तिसरं वर्ष संपवून.
स्वेटरात गुंडाळलेलं पाकीट
बेचाळीस अंशात उघडलं.
वरची साखर घामेजलेली.
सुंठ. मध. जरा शिळं.
सुंठवडाच की हा, वहिनी म्हणाल्या,
आणि चहात बुडवला.

मन्मथ बोलेना.
डोळे मिटून चघळत राहिला बराच वेळ,
मग माझ्याकडं बघून, हळूच:
डिंक न्हाई रे यात.