पान चौदा

बेचाळीसचं चित्रपुस्तक, मुलांसाठी.
प्रूफं घेऊन विट्याला गेलो.
फुलाक्का शेंगा फोडत बसलेल्या.
पान चौदा : पांढरा घोडा, वर गोरा साहेब.

"घोडा कुठनं आणलास?
सायकलीवर यायचा मामलेदार.
रंग तुझ्यामाझ्यागत.
चेन निसटली की आमीच बसवून द्यायचो."

मुलांना घोडा आवडेल, मी म्हणालो.
दाणा किडका निघाला. त्यांनी टाकला.

खबऱ्याचं तोंड मी कोरं ठेवलेलं.
त्यावर बोट टेकून त्या बराच वेळ गप्प.
"मिशी नव्हती याला.
भाकरी आमच्यातच खायाचा."

रात्री घोडा खोडला.
सायकल अवघड, चाकं गोल येईनात.
तोंड कोरंच सोडणार होतो,
पण मी चहा पीत असताना
त्यांच्या पणतूनं
पेन्सिलीनं डोळे काढलेत त्यात.
हसरे.