चार बोटं फट

अधिवेशन आटोपलं की आमच्या पाचपावलीत
फ्लेक्स फुकटात मिळतात.
दोन आणले, सायकलच्या कॅरिअरला गुंडाळून,
एक स्वागताचा, एक वाढदिवसाचा.
हात जोडलेला चेहरा मुद्दाम आतल्या अंगाला ठेवला,
म्हटलं, कोंबड्यांनाही दर्शन होऊ दे.

खुराडा आमचा मागाचा आहे.
माग मोडला तेव्हा सागाचे खांब विकायला
बाबांचा जीव होईना,
म्हणून आता ज्या गोल लाकडावर
रोज वीतवीत लुगडं गुंडाळत जायचं
त्यावर सात कोंबड्या बसतात रात्रीच्या,
काठपदर नसलेल्या.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा.
खोबरेल बाटलीत दगड झालेलं.
उघड्या मानेच्या कोंबडीची पिसं
नेमकी आत्ताच गळायला लागलेली,
जसं कोणी ऐन थंडीत स्वेटर धुवायला टाकावं.
तेजल आपले जुने मोजे घेऊन आली, एक निळा, एक फाटका.
बाबा म्हणाले, ठेव मा ते, ती आपल्याच पायावर बसते,
तिले मोजे नाई लागत.

कळमन्याहून संत्र्याच्या पेट्यांमधलं तणस आणलं.
सालीचा वास होता त्याला, पसरताना शिंका आल्या.
मग इतवारीत बल्ब शोधला,
तो जुना पिवळा, हात लावला की चटका देणारा.
दुकानदार म्हणाला, हा घ्या नऊ वॅटचा, दिवसासारखा उजेड.
म्हटलं, उजेड नको, ऊब पाहिजे.
तो हसला. ऊब आता कंपनी काढत नाही.

रात्री खिळे मारत बसलो.
जिथं वारा शिरेल असं वाटलं तिथं प्लॅस्टिक,
प्लॅस्टिकवर गोणपाट,
गोणपाटाच्या भोकात चिंधी.
अकरा वाजले. बोटं बधिर. समाधान मात्र पुरतं.

सकाळी दार उघडलं तर
डोळ्यांत चुरचुरणारा वास बाहेर आला आधी,
मागून कोंबड्या, मान आखडून,
एक तर शिंकतच.
आत नेत्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता,
थेंब थेंब, खाली तणसावर.
तणस ओलं.

बाबा ब्लँकेट गुंडाळून आले,
फ्लेक्सवरून एक बोट फिरवलं, बघितलं.
काऊन रे, पेटी केली का त्याह्यची?
म्हटलं, आठ डिग्री होतं बाबा रात्री.
थंडी त्याह्यले पिसाईनं झेपते, ते म्हणाले,
एकमेकीचा श्वास नाई झेपत.

मग ब्लेड मागितलं.
छपराखाली, त्या बसतात त्याच्याही वर,
आडवी फट कापली चार बोटं,
चेहऱ्याच्या बरोबर भुवयांवरून.
खालून बंद, वरून मोकळं, समजलं?
आमी उलटं करत होतो.
सूत वाळलं की तुटते,
म्हणून दारं-खिडक्या सगळ्या लावून
अडतीस वर्षं

आणि खोकला आला.
वाक्य तिथंच राहिलं,
मीही ते पुरं करायला सांगितलं नाही.

ओलं तणस काढलं, कोरडं घातलं.
संध्याकाळी मूठभर मका जास्त, झोपायच्या आधी,
म्हणजे पोटात रात्रभर काहीतरी चालू राहतं.
सकाळी पाणी कोमट.
एवढंच करायचं असतं म्हणे.
आदल्या रात्रीचे खिळे वाकडेच निघाले सगळे.

झोपताना नेहमीसारखा
बाबांच्या खोलीची खिडकी लावायला गेलो.
कडीवर हात ठेवला.
मग सोडून दिला,
खिडकी तशीच, चार बोटं असेल, मोजली नाही.

थंडी मलाच वाजली.
कपाटातून आणखी एक रजई काढली, डांबरगोळ्यांच्या वासाची,
आणि पडून राहिलो ऐकत.

पहाटे कोणीतरी खाकरलं.
कोंबडा की बाबा, कळलं नाही,
पण घसा मोकळा होता.