डावीकडे पस्तीस अंश

वीबे हुक्स्त्रा, वय अठ्ठावन्न.
मान उजवीकडे सत्तर अंश वळते,
डावीकडे पस्तीस.
मी लिहून घेते तोवर तो कोटासकट
टेबलाच्या कडेवर बसलेला. म्हणतो,
"हाड सरकलंय. बसवून टाका."

हाड सरकलेलं नसतं, वीबे.
हे वाक्य मी दिवसातून सहादा बोलते
आणि सहाही जण माझ्याकडे
माझीच कीव आल्यासारखं बघतात.
त्यांना मी सुतार हवी असते:
बिजागरी, एक ठोका, दार लागलं.

एकोणतीस वर्षं हा माणूस
रॉटरडॅमच्या धक्क्यावर, पंचेचाळीस मीटर उंच,
क्रेनच्या केबिनमध्ये बसला.
पायाखाली काच.
दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघायचं,
खाली जहाज, जहाजात पेट्या,
पेट्यांत कुणाची केळी, कुणाचे टायर.
आयुष्यभर मान खाली घालून काम केलं
आणि अख्ख्या बंदरात सगळ्यांच्या वर होता.

"तेव्हा दुखायची?"
"तेव्हा? छे."

गेल्या मार्चपासून क्रेन आहे, तो वर नाही.
जमिनीवरची उबदार खोली, चार पडदे,
हातात खेळण्यातल्यासारखी दांडी.
खुर्ची उत्तम, कॉफी फुकट, मान सरळ,
आणि डाव्या खांद्यापासून कानामागपर्यंत
कुणीतरी मानगुटीवर बसलेलं.

मग मी सांगायचं ते सगळं सांगते.
की मणक्यांमधल्या भोकांतून दोन धमन्या
वर मेंदूकडे जातात.
की फार क्वचित, पण कधीतरी, त्यांना इजा होते.
की हे न करताही व्यायामानं बरं वाटू शकतं, जरा सावकाश.
चक्कर? दोन-दोन दिसतं? जीभ जड?
तो हसतो. "वाऱ्यात चाळीस टन झुलत असताना
मला कुणी एवढं विचारलं नव्हतं."
सही करतो. हो म्हणून मान हलवायला जातो
आणि अर्ध्यात थांबतो.

आता त्याचं डोकं माझ्या हातांत.
पाच किलो असेल, चीजच्या लहान चाकाएवढं.
"सोडा," मी म्हणते.
"सोडलंय."
सोडलेलं नसतं.
ज्याच्या हातून एकोणतीस वर्षांत काही सुटलं नाही
त्याला सोड म्हणायचं तरी कसं.
मी थांबते. खाली ट्राम वळते, काच थरथरते.
कुत्र्याचं नाव विचारते.
"मुकी. पण भुंकते फार..."
आणि तेवढ्यात ते सगळं वजन
माझ्या तळहातात येऊन पडतं.

टक्.

हाडाचा नव्हे तो आवाज.
सांध्यातल्या द्रवात एक पोकळी उमलते, एवढंच म्हणतात.
बोटं मोडल्यासारखं.
पण त्याचे डोळे मिटलेले,
आणि पापण्यांच्या कडा ओल्या.
मी पाहिलं नाही असं करते,
कोनमापक लावते: पंचावन्न.

"बसलं," तो म्हणतो.
मी यावेळी वाद घालत नाही.
फक्त कागद देते. हनुवटी आत, दहादा.
खांदे मागे, दहादा. दर तासाला खुर्चीतून उठणं.
"हेही करायचं?"
"हेच करायचं. मी केलं ते उसनं आहे,
गुरुवारपर्यंत टिकलं तर टिकलं."

तो बूट चढवतो. एक लेस दोनदा बांधतो.
"वरून समुद्र दिसायचा," म्हणतो.
"काम थांबलं की मी बघायचो.
डाव्या खिडकीतून."
पडद्यांवर दिसतो का, मी विचारत नाही.
चार पडद्यांवर काय असतं ते त्यानं मघाशीच सांगितलंय:
पेटी, पेटी, पेटी, दोरखंड.

दारापाशी पोचल्यावर तो वळतो,
डाव्या बाजूनं, आख्खं अंग न फिरवता,
आणि त्याला स्वतःलाच ते कळत नाही.
"छत्री," म्हणतो. "तिथे, खुर्चीखाली."

मी छत्री देते. माझे अंगठे दुखताहेत.
बाहेर पुढची बाई बसलेली आहे,
मान वाकडी, हातात मासिक उलटं.