तिसरं कडवं

नोव्हेंबरचा तिसरा शनिवार, ड्युसेलडॉर्फ,
नूडलच्या दुकानावरची भाड्याची खोली.
खुर्च्या मांडायचं काम माझं, कारण मी अठ्ठ्याण्णवची,
आणि माझ्यानंतरचे सगळे उशिरा येणारे.
वर्गणी पस्तीस युरो. विद्यार्थ्याला दहा,
पण विद्यार्थी अजून एकही आलेला नाही.
नावाच्या चिठ्ठ्या मी पदवीच्या सालानुसार लावते.
आमच्यात वय विचारावं लागत नाही;
खुर्ची बघितली की कळतं
कुणी कुणापुढे किती वाकायचं ते.

यंदा व्याख्यान अमेमियाचं, पुलांच्या सांध्यांवर.
एकतीस वर्षांचा मुलगा, हातातला रिमोट थरथरतोय.
म्हणाला, उन्हाळ्यात पोलाद वीतभर वाढतं,
म्हणून दोन तुकड्यांत फट ठेवायची असते,
आणि गाडी जाताना खालून जो खट् आवाज येतो
तो बिघाड नव्हे, हिशेब.

मग प्रश्नोत्तरं.
प्रश्न दरवर्षी कुरोइवासानच विचारतात, आणि तो प्रश्न नसतोच.
शहाऐंशीच्या हिवाळ्यात वसतिगृहाचा बॉयलर बंद पडला होता,
एका रजईत चौघांनी अख्खं स्थापत्यशास्त्र पाठ केलं होतं.
(गेल्या वर्षी रजईत तिघं होते.)
अमेमिया म्हणाला, "चांगला मुद्दा आहे."

पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची रिकामी.
हिराबायाशी, एकसष्ट.
मार्चमधल्या शोकसंदेशावर सही माझीच,
तरी चिठ्ठी हातानं सवयीनं छापली.
कुणी बघायच्या आत खिशात टाकावी म्हणून उठले
तर दारात गुड्रुनबाई, कोट ओला,
धापा टाकत: "जिना तेवढाच आहे ना, की वाढवलात?"
पाकीट उघडून त्यांनी नोटा मोजल्या.
नको म्हटलं, तर म्हणाल्या, मी काही विद्यार्थी नाही.
माझ्या हातातून चिठ्ठी घेतली
आणि स्वतःच्या स्वेटरला लावली, थोडी तिरकी.

शेवटी उभं राहून वसतिगृहाचं गाणं.
पहिलं कडवं सगळ्यांना येतं.
दुसरं निम्म्यांना, बाकीचे खाकरतात.
तिसऱ्याला आम्ही सगळे
हिराबायाशींच्या ओठांकडे बघायचो
आणि अर्ध्या मात्रेनं मागून शब्द उचलायचो.
यंदा टाळ्यांचा ठेका तेवढा चालू राहिला,
मग तोही एकेक हात करत गळाला.

आणि तिथून पुढे गुड्रुनबाई.
आवाज घोगरा, सूर जमिनीला टेकलेला,
शब्द मात्र एकही न सांडता,
जसे कपाटातले कप, आपापल्या जागी.
फक्त जिथे आमच्या गावची नदी यायला हवी
तिथे त्यांनी ऱ्हाईन म्हटलं.
कुरोइवासान चमकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी खुर्च्यांकडे.

"तो भांडी घासायचा, मी पुसायची," त्या म्हणाल्या,
"सेहेचाळीस वर्षं.
मला वाटायचं, भांड्यांचंच गाणं असेल.
अर्थ काय आहे हो?"

बावीस पदवीधर, त्यात दोन प्राध्यापक.
कुणी म्हणालं, जुनी भाषा आहे.
कुणी म्हणालं, बर्फाबद्दल आहे, म्हणजे, मोठ्या अर्थानं.
अमेमिया मान खाली घालून म्हणाला,
"एक पूल आहे त्यात. बहुतेक."
"मग बरं," गुड्रुनबाई म्हणाल्या,
आणि लोणच्याची बशी पुढे ओढली.

इतिवृत्त मी रविवारी लिहिलं.
उपस्थिती तेवीस, पैकी सभासद बावीस.
ते खोडलं. उपस्थिती तेवीस.
व्याख्यान झालं. गाणं पूर्ण झालं.
पुढच्या वर्षी सगळ्यांच्या हाती कागद द्यायचा ठरलंय,
म्हणून शब्द टाईप करायला बसले,
आणि नदीपाशी येऊन बोट थांबलं.
तिथे सध्या वीतभर जागा सोडलीय.
छत्री एक राहिलीय, निळी, लाकडी मुठीची.
कुणाची ते कळवावं.