उलटी बाजू

पासाऊहून बोट सुटली तेव्हा सगळे वर, डेकवर.
डावीकडे किल्ला, उजवीकडे मठ,
माइकवरची बाई सांगत होती
कोणत्या राजाने काय बांधलं, कोणत्या राजाने काय पाडलं.
मी खाली केबिनमध्ये, पलंगाच्या काठावर,
मांडीवर टॉवेलचा हंस.

द्रागान नावाचा पोरगा रोज करून ठेवायचा तो,
मान वाकवलेला, ऐटबाज.
मी त्याची मान सोडवली.
एकवीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या कडा शिवल्यात मी,
बोटांना आधी कळतं, डोळे मागून येतात.
उलटी बाजू केली. कोपऱ्यात
शिलाई वळून तीन टाके मागे आलेली.
असं मागे यायला आम्हाला नरसूबाईनं शिकवलेलं.
लेबल नंतर वाचलं,
इतकं बारीक की पद्मजाने मोबाइलवर मोठं करून दाखवलं:
सोलापूर.
"आई, वर चल ना, वाखाऊ निघून चाललंय."
जाऊ दे.

रात्री दोनला दचकून उठले, नळ आला वाटलं.
खिडकीबाहेर नुसतं पाणी चाललेलं,
न भरता, न झाकता.
घरी पाचव्या दिवशी येतं, तेही तासभर.
त्या झोपेतही माझा हात पलंगाखाली
बादली शोधत होता.

जेवताना चार काटे, तीन सुऱ्या.
बाहेरून आत यायचं, पद्मजा म्हणाली.
मी आत पोचेपर्यंत
वाढप्यानं ताट उचललेलं असायचं.
बुडापेस्टला सगळे पूल एकदम पेटले,
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
शेवटच्या दिवशी द्रागानला खुणेनं विचारलं, एक नेऊ?
तो हसला. वहीत लिहिलं त्यानं:
धुलाईत फाटला, नग एक.

आज सद्दुल बतुकम्मा.
युनिट बंद पडलं तेव्हा थकलेल्या पगारात
ह्यांनी उचलून आणलेलं चेकिंगचं टेबल
माडीवरून खाली घेतलं, चौघांनी मिळून.
कडेला अजून इंचांच्या खुणा आहेत.
अठरा इंचांवर एक ताट, पुन्हा अठरा इंचांवर एक,
पेला उजवीकडे, बोटीवर होता तसा.
मधोमध पितळी तांब्यात
बतुकम्मा रचून उरलेला मूठभर तरवड.
चिंचेचा भात, तिळाचा, लिंबाचा, दहीभात,
मलिदा, शेंगाचटणी, आणि कडक भाकरी,
जी काट्यानं खाऊन दाखवावी कुणीतरी.

हंस काही जमेना.
आधी बदक झालं, मग मुंगसासारखं काहीतरी.
अंबादास दारातून बघत म्हणाले,
"जेवायचंय का भ्यायचंय?"
तरी सहाही ताटांवर बसवले,
पाच घरातले सेकंडचे, सहावा बोटीतला.

बायका आल्या, बालामणी, शशिकला, इरम्मा,
नरसूबाई काठी टेकत, मागे तिची सून.
खुर्च्या दोन घरच्या, चार शेजारच्या.
टेबलाला हात लावून म्हणाल्या, "अगं, आपलंच की हे!"
आणि मग तरवडाकडं नाही, भाताकडं नाही,
कुणी काही न सांगता सगळ्यांनी
मुंगसाची मान मोडली, घडी उलगडली,
आणि उलटी बाजू वर केली.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
अंगठे कडेवरून सरकत होते.

बालामणीच्या हातात तोच आला होता.
गालाला लावून बघितला तिनं.
"हा लई धुतलाय. कुठं होता?"
"नदीवर."
"कुठल्या?"
मी नाव सांगितलं. तिनं एकदा म्हणून बघितलं,
जिभेवर बसेना, सोडून दिलं.
"पाणी मऊ असणार तिथलं," म्हणाली,
आणि कोपऱ्यातला सुटलेला धागा
दातानं तोडला.