सातवी कडी

पिकअपच्या फळीवरून ओलेटानं ते एकटीनंच खाली घेतलं.
मी पुढे झालो तर म्हणाली, राहू दे.
मग लोणच्याच्या बरणीतले सुटे बोल्ट
माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली,
हाताची घडी घालून.

पश्चिम व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात
अडतीस वर्षं मी छोटी इंजिनं दुरुस्त करतोय.
आधी यंत्र बोलतं, माणूस मागाहून.
हे उलटं केलं. अंगणातलं साधं गवतकापं,
लाल रंग उडालेलं, साडेपाच हॉर्सपॉवर.
पण पातं नाही. पात्याच्या जागी
ट्रॅक्टरमागच्या नांगराची तबकडी,
आणि तबकडीला लोंबणाऱ्या चार साखळ्या,
ओंडके बांधायच्या.

मागचं रबरी झापड कापलेलं. त्यात फांद्या अडकायच्या.
पुढचा पत्रा करवतीनं उघडलेला. रानगुलाब आत शिरत नसे.
आणि मुठीवरची दांडी,
हात सुटला की इंजिन बंद करणारी,
ती तारेनं आवळलेली.
चाऱ्याच्या गठ्ठ्यांची तार, चार वेढे,
बोचू नये म्हणून टोक आत वळवलेलं.
व्हर्लिन नीटनेटका माणूस.
लोक हात दाखवून अवलक्षण करतात,
यानं हात बांधून केलं.

झुडपं तोडायचं खरं यंत्र भाड्यानं मिळतं,
दिवसाला दोनशे दहा डॉलर.
त्याच्या घरामागचा उतार गेली सहा वर्षं
काट्यांनी गिळत आणलेला. खालचा झरा
ऐकू येतो पण दिसत नाही, म्हणायचा,
शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसा.

मी साखळ्या मोजल्या.
सात कड्या. सात. सात.
सहा.

"डॉक्टरांना सापडली नाही," ओलेटा म्हणाली.
"मांडीतून गेली, मग कोठाराच्या पत्र्यातून.
पुढे कुठे, कुणास ठाऊक.
डेन्झिल चुंबक बांधलेली काठी घेऊन फिरतोय.
पोरांना वाटतं, सापडलं की संपलं."

मग थोड्या वेळानं, जणू हवापाण्याचं बोलावं तसं:
"तो पडला. हे थांबलं नाही.
एकटंच उतारावरून चालत गेलं,
झुडपं झोडपत, दगड उडवत,
थेट झऱ्यापर्यंत. तिथे चिखलात रुतून
टाकी संपेस्तोवर गुरगुरत होतं.
मी त्याच्या मांडीला पट्टा आवळत बसले होते,
आणि कानात तेवढंच."

"वाट मात्र सुरेख झाली आहे."

मी दिवा जवळ ओढला. उगाच.
तबकडीच्या मध्यावरचा जोड मला
पहिल्यांदा बघतानाच ओळखू आला होता.
माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक थर,
शेवटाला डावीकडे किंचित वळण.
असं वळण या खोऱ्यात एकाच माणसाचं.
मार्चमध्ये तो दोन तुकडे घेऊन आला होता.
हे याला लाव, म्हणाला. मी लावलं.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
अंदाज होता म्हणूनच विचारलं नाही.
बारा डॉलर घेतले.

जोडाला एक चीर नाही.
खोटं का सांगू, आधी बरंच वाटलं.
मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

"तो शुद्धीवर आल्यावर काय विचारलं, ठाऊक आहे?"
मला ठाऊक होतं.
"यंत्र ठीक आहे ना."

पातं तिनं गोणपाटात गुंडाळून आणलं होतं.
पुन्हा होतं तसं कर, म्हणाली,
अंगणापुरतं.

पक्कड घेऊन मी तार तोडली.
दांडी खटकन उसळून वर आली,
इतके महिने कुणीतरी
मनगट दाबून धरलं होतं तिचं.
ओलेटा दचकली. मीही.

मग ग्राइंडर लावला जोडाला.
ठिणग्या माझ्या बुटांवर पडत राहिल्या.
बाहेर तिनं गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली,
बहुतेक थंडीमुळे.
अर्धा तास झाला तरी तबकडी सुटेना.

काम चांगलं झालं होतं.
निघायला वेळ लागला.